मयताला जायचा कोट

मी एक जुना काळा कोट आहे. वय एकतीस. मित्रांनो, जुन्या छत्रीची, जुन्या फळ्याची, जुन्या सायकलची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या सगळ्या भल्या वस्तू. मी तसा नाही. मी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर फसवले असे तुम्हाला वाटायला नको.

तैवानच्या दक्षिणेला, आमच्या बंदराच्या गावात, मात्सू देवीच्या देवळामागे आ-चू नावाची शिंपीण राहत असे. तिने मला शिवले. येन त्साय-फंग नावाची एक बाई त्याच आठवड्यात पहिल्यांदा खासदार झाली होती. त्याआधी ती मच्छीमारांच्या संस्थेत कारकून होती आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे अर्ज लिहून देत असे. सगळा गाव तिला फंगताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

माप घेताना शिंपिणीने विचारले, "किती वर्षं टिकायला हवा?"

"तीन," ताई म्हणाल्या. "पुढचं लोक ठरवतील."

"तीन वर्षांचं मला शिवता येत नाही. एवढ्यात हरायचं असेल तर बाजारातून तयार घे."

ताई हसल्या. "बरं, तुला जमेल तेवढ्या वर्षांचा शिव. पण पाठ जरा सैल ठेव."

"जाड व्हायचा विचार आहे?"

"वाकायचं असतं."

आमच्याकडे खासदाराला दोन तऱ्हेचे कपडे लागतात, लग्नाचे आणि मयताचे. निवडून दिलेल्या माणसाने आपल्या सुखातही यावे आणि दुःखातही यावे अशी लोकांची अपेक्षा असते. राजधानीतल्या संसदेत तुम्ही काय बोललात हे गावात कुणी विचारत नाही. आजीच्या मयताला आला होतात का, हे मात्र तीन पिढ्या लक्षात ठेवतात. पंचांगात दिवस चांगला निघाला की त्याच एका दिवशी गावातली निम्मी लग्नेही होतात आणि निम्मी मयतेही उरकतात. अशा सकाळी मी ताईंच्या अंगावर सात-सात ठिकाणी गेलो आहे.

मांडवात पुकारा होई, "खासदार येन त्साय-फंग!" ताई पुढे जात. हातात उदबत्ती, मग फुले, मग फळे घेऊन मेलेल्याच्या तसबिरीपुढे धरत आणि परत देत. तसबिरीपुढे तीनदा वाकत, घरच्यांकडे वळून एकदा वाकत. सगळी मिळून दोन मिनिटे. तेवढ्यात बाहेर ड्रायव्हर तेंगकाका गाडी सुरू करून ठेवी. पुढचे ठिकाण लग्नाचे असेल तर ताई गाडीतच मला उतरवून मागच्या सीटवर टाकत आणि ते दुसरे अंगात चढवत.

ते दुसरे म्हणजे जाकीट. बिनबाह्यांचे, भडक रंगाचे, पाठीवर हातभर अक्षरांत ताईंचे नाव आणि छातीवर मतपत्रिकेवरचा आकडा. त्याला ना अस्तर, ना धड शिलाई. छापखान्यातून गठ्ठ्याने यायचे. पण बाजारात ताई ते घालून उतरल्या की मासळीवाल्या ओरडत, "फंगताई आल्या! फंगताई, इकडे बघा!" फोटो निघायचे ते जाकिटाचे. लहान मुले ओढायची ती जाकिटाची कड. मला घातलेल्या ताईंना कुणी हाक मारत नसे. लोक बाजूला होत आणि वाट देत.

आणि सर्वांत मोठा डंख पुढेच होता. मयताला गेलेला कपडा आमच्याकडे घरात नेत नाहीत. त्याच्याबरोबर काय काय आत येईल याची लोकांना भीती असते. म्हणून माझ्या खिशात वडाची पाने ठेवलेली असत, आणि घरी आल्यावर ताई दारातच त्या पानांचे पाणी हातांवर शिंपडून आत जात. मी बाहेर. गाडी ठेवायच्या जागेत, पाण्याच्या पंपाशेजारी, माझा एक खिळा होता. जाकीट मात्र आत, जिन्याजवळच्या खुंटीवर. दार उघडले की मला ते दिसे. आतून भाताची वाफ येई, ताईंच्या यजमानांच्या रेडिओचा आवाज येई, आणि ताईंची मुलगी वेन-छी गृहपाठ घेऊन पळत येई. "आई, हे बघ ना!" मग दार लागे.

मला फार काही नको होते, मित्रांनो. मी ताईंचा आहे, एवढे कुणीतरी म्हणावे, एवढेच हवे होते. कारण सगळे मला "मयताचा कोट" म्हणत. म्हणजे मी ताईंचा नव्हतोच. मी त्या रोज नव्या मेलेल्या माणसांचा होतो.

एका हिवाळ्यात बंदरातली एक होडी परत आली नाही. त्यावरच्या एका खलाशाचे शरीर काही सापडले नाही. आमच्याकडे अशा वेळी शवपेटीत माणसाचे कपडे ठेवतात. ताई मला घालून तिथे गेल्या. पेटीत एक निळा शर्ट होता, घडी घातलेला, आणि पायाशी रबरी बूट. त्याची बायको पेटीची कड धरून त्या शर्टाशी बोलत होती. "आ-हाय, थंडी आहे. गळ्याचं बटण लाव रे." त्या शर्टाला तिने नवऱ्याच्या नावाने हाक मारली. मला त्या शर्टाचा इतका हेवा वाटला की मी आजही ते कबूल करताना संकोचतो. सगळे रडत होते आणि मी मनात म्हणत होतो, कापड असावे तर असे.

बाहेर पडल्यावर ती बाई ताईंच्या मागे आली. तिने माझी बाही धरली. "फंगताई, विम्याचा साहेब म्हणतो, मेल्याचा पुरावा आणा. पुरावा तर समुद्रानं ठेवून घेतला. मी काय आणू?"

गाडीत बसल्यावर माझ्या बाहीची ती चुरगळलेली जागा ताई बोटाने सरळ करत राहिल्या. शरीर सापडले नाही तरी खलाशाच्या घरच्यांना मदत मिळावी, असा कायदा त्यांनी पुढे संसदेत मांडला. तो पास व्हायला अकरा वर्षे लागली. दरवर्षी तो कुठल्या तरी समितीत अडे आणि दरवर्षी त्या तो पुन्हा काढत. एकदा गावातले मयत उरकून त्या पुढच्या गाडीने थेट राजधानीला गेल्या, मला अंगावर ठेवूनच. त्या दिवशी संसदेत व्यासपीठ अडवण्यावरून मारामारी झाली. आमच्याकडे ती होते. कुणीतरी मला मागून खेचले आणि माझी खांद्याची शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी आनंदाने फुललो, पण नीट पाहिले तर फोटोत ताईंचा चेहरा, वर उगारलेला एक बूट आणि माझी फक्त एक बाही.

कायदा झाला आणि पुढच्या निवडणुकीत तो जाकिटावर छापला गेला. "समुद्रानं नेलं तरी फंगताई सोडत नाही." माझी बाही धरून झालेला कायदा, मिरवला जाकिटाने.

मी ताईंना देवता करून सांगणार नाही. त्या मतांसाठीही जात. बाजारात चेष्टा चाले.

"फंगताई जिवंतांपेक्षा मेलेल्यांना जास्त ओळखतात."

"मग मतं कोण देतं?"

"त्यांची पोरं!"

ताईंच्या कानावर हे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "खरं आहे. पण पोरं मोजतात ना, किती वेळा वाकले ते. मग नीट वाकायला काय हरकत आहे?" आणि त्या नीट वाकत. पाठीकडची माझी शिवण याची साक्षीदार आहे. ती चार वेळा घालावी लागली.

आता माझ्या हातून घडलेल्या वाईट गोष्टीकडे येतो.

वेन-छीचे लग्न ठरले. दिवस पंचांगातला फार चांगला, आणि म्हणून त्या सकाळी पाच मयतेही होती. त्याआधीच्या निवडणुकीत ताई जेमतेम निवडून आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी वेन-छी जिन्यावर बसून म्हणाली, "उद्या एक दिवस नको जाऊस ना."

"नऊच्या आत येते. तुझ्या डोक्यावरची जाळी मीच खाली ओढणार, दुसरं कोण?"

मुलगी घर सोडते तेव्हा तिच्या तोंडावरची पांढरी जाळी आई आपल्या हाताने खाली घेते. त्याचीही वेळ ठरलेली असते.

चार मयते वेळेत झाली. पाचव्या ठिकाणी भिक्षूंचे पठण लांबले. तेंगकाका दोनदा आत येऊन कुजबुजला, "ताई, चला. नाव पुकारायच्या आधी निघालं तरी चालेल."

"घरच्यांनी मला पाहिलंय. आता पाठ कशी फिरवू?"

आम्ही निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. गाडीत ताई घड्याळाकडे बघत राहिल्या आणि मला उतरवायचे विसरल्या. मी हे ओळखले होते. माझा खिळा मागे गेला, पाण्याचा पंप मागे गेला, उंबरठा जवळ आला, आणि मला वाटले, आज मी आत जाणार. जाकीट खुंटीवर लटकत बघत राहील आणि मी लाल मांडवातून आत जाणार. मित्रांनो, त्या क्षणी मला वेन-छीची आठवणसुद्धा नव्हती.

ताईंचे एक पाऊल आत पडले. समोर वेन-छी उभी होती. जाळी तिच्या तोंडावर आली होती. मुहूर्त टळू नये म्हणून ताईंची धाकटी बहीण युए मावशी हिने ती ओढली होती. नवऱ्या मुलाच्या आईने तोंड फिरवले.

जाळीच्या आतून वेन-छी म्हणाली, "आई. कोट."

ताई मागे सरल्या. त्यांनी मला काढले, खिळ्याला अडकवले, हातांवर पानांचे पाणी घेतले. त्या घाईत मी दोनदा खाली पडलो. तेवढ्या वेळात वेन-छी गाडीत बसली. मुलीची गाडी निघाली की मागे वाटीभर पाणी ओततात. ते काम तेवढे ताईंच्या वाट्याला आले. वाटी रिकामी झाल्यावरही त्या रस्त्यावर उभ्या होत्या आणि मी खिळ्यावरून त्यांची पाठ बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला जाकिटाचा राग आला नाही.

वेन-छी राजधानीत राहायला गेली. संसदेपासून तिचे घर वीस मिनिटांवर. ताई महिन्यातून दहा दिवस तिथे असत, पण त्यांच्या भेटी सणावारापुरत्या. दोघी एकमेकींना फळांच्या पेट्या पाठवत आणि बोलत कमी. एकदा गावी आली असताना वेन-छी तेंगकाकाला म्हणाली, "काका, माझ्यापेक्षा या कोटाला माझी आई जास्त मिळाली."

"कोटाला कसली मिळते? बाहेर पंपाशी टांगतात त्याला."

"तरी."

मला काय वाटले असेल? वाईट वाटायला हवे होते. पण मी ताठ झालो. जगात कुणीतरी माझा हेवा करत होते!

मग ताई एक निवडणूक हरल्या. जाकिटे ट्रंकेत गेली. तोवर खासदाराची मुदत तीनाची चार वर्षे झाली होती. ती चार वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. मयताला ताई तेव्हाही जात, पण आता नाव पुकारले जात नसे. त्या शेजारपाजारच्या बायकांच्या रांगेत उभ्या राहत. दोन मिनिटांची घाई नव्हती. त्या बसत, सोललेल्या शेंगदाण्यांची बशी पुढे सरकवत, मेलेल्या माणसाच्या खोड्या ऐकत आणि हसत. कुणी विचारी, "फंगताई, आता कशाला येता? आता मतं नाही मागायची." त्या म्हणत, "सवय. घरी बसले तर पाठ धरते." पुढच्या खेपेला त्या पुन्हा निवडून आल्या. ट्रंक उघडली आणि माझे सुख संपले.

सगळ्या मिळून आठ निवडणुका त्यांनी जिंकल्या. मग फुप्फुसाचा आजार निघाला आणि त्या घरात बसल्या. आठ महिने मी खिळ्यावर होतो. वेन-छी सुट्टी काढून आली होती. दार उघडे असले की दोघींचे बोलणे ऐकू येई. फार मोठे काही नसायचे. "लापशी गरम आहे का बघ." "आई, तोंड उघड." एकदा ताई म्हणाल्या, "त्या दिवशी मी निघायला हवं होतं." वाटीत चमचा फिरल्याचा आवाज आला. मग वेन-छी म्हणाली, "आता खा."

ताई वसंतात गेल्या. मोठे सभागृह घेतले होते. रस्त्यापर्यंत काळे कोट उभे होते. सगळ्या पक्षांचे लोक आले, आणि त्या निळ्या शर्टवाल्या खलाशाची बायकोही काठी टेकत आली, असे नंतर कळले. माझ्यापर्यंत फक्त ढोल ऐकू येत होते. एकतीस वर्षे मी परक्यांच्या मयताला गेलो. ताईंच्या मयताला मला कुणी नेले नाही.

ताई गेल्यापासून एकोणपन्नासाव्या दिवशी त्यांचे कपडे जाळायचे होते. जाळलेले कपडे मेलेल्या माणसाला पोचतात असे आमच्याकडे मानतात. त्याआधी ताईंच्या कचेरीतून एक मुलगी यादी घेऊन आली. कचेरीत काचेचे कपाट करणार होते. तिने सगळी जाकिटे नीट घडी करून नेली, निवडणुकीच्या क्रमाने.

वेन-छीने माझ्याकडे बोट केले. "हा नको?"

मुलीने मला मागून-पुढून पाहिले. "यावर नाव नाही ना. कुणाचाही वाटेल."

ती गेली. मागच्या गल्लीत लोखंडी पिंप पेटले होते. घरातले फुलाफुलांचे ब्लाउज, पायजमे, सपाता एकामागून एक आत गेल्या. मला त्या सपातांचाही हेवा वाटला. त्या ताईंकडे निघाल्या होत्या.

युए मावशी म्हणाली, "तो आधी टाक. त्यानं तुझ्या लग्नात काय केलं ते मी विसरले नाही."

तेंगकाका म्हणाला, "टाका, टाका. वर लागेल त्यांना. तिथं ओळखीचे जास्त आहेत. पहिल्या दिवसापासून हात जोडत हिंडतील."

वेन-छी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मला उतरवले आणि माझ्या छातीला नाक लावले.

"उदबत्ती," ती म्हणाली. "सगळ्या गावाची उदबत्ती. हिचा वास कुठेच नाही. उशा धुतल्या, चादरी धुतल्या, दवाखान्यातलं सगळं धुतलं. मीच धुतलं. घर कसं स्वच्छ झालंय."

ती मला घेऊन पिंपाशी आली. मी तयार होतो. जाकिटे काचेत राहतील आणि मी ताईंकडे जाईन, असा हिशोब मी मनाशी केला होता. खिसे रिकामे करायचे म्हणून तिने मला उलटे केले. वाळलेल्या पानांचा भुगा खाली सांडला आणि माझे अस्तर वर आले.

तिचा हात थांबला.

तिने अस्तर तोंडाशी नेले. आधी कॉलरची आतली बाजू, मग काखेतली. किती वेळ ते सांगता येणार नाही. पिंपातल्या सपाता तेवढ्यात पुऱ्या जळाल्या.

"मावशी," ती म्हणाली, "इकडे ये."

युए मावशीने तिथेच नाक टेकवले आणि तिचा चेहरा बदलला. ताईंचा घाम होता. गुडघ्यांना, मानेला लावायचे ते कापराचे मलम होते. ती स्वस्तातली तांदळाची पावडर होती, जी लेकीने चांगली आणून दिली तरी त्या सोडत नसत. मला हे ठाऊकच नव्हते, मित्रांनो. मी कायम बाहेरच्या बाजूने जाकिटाकडे बघत आलो. माझ्या आत काय साठत होते ते मला दिसणार कसे?

"कुणी धुतला नाही हा?" मावशीने विचारले.

तेंगकाका खाली बघत म्हणाला, "गेल्या वर्षी लाँड्रीत टाकायला सांगितला होता ताईंनी. मी विसरलो."

"काका," वेन-छी म्हणाली, "बरं केलंत."

ती मला घेऊन घराकडे वळली. मावशी सवयीने म्हणाली, "अगं, तो कोट घरात..." आणि बाजूला झाली. आम्ही उंबरठ्यावरून आत गेलो.

आता मी राजधानीत वेन-छीच्या कपाटात असतो, उलटा, अस्तर बाहेर करून. फार वेळा ती मला काढत नाही. वास संपेल म्हणून काटकसर करते. तिकडे काचेच्या कपाटात जाकिटांवर दिवे सोडलेत असे ऐकतो. माझ्यावर दिवा नाही. थोडा हेवा अजून वाटतो, खोटे कशाला बोलू? पण जाकिटे रोज धुतली जात. त्यांच्यात आता फक्त साबण आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला स्वच्छ ठेवा, पुसा, जपा. मी वेगळे मागतो. तुमचे माणूस गेले तर रडा, जेवा, पाहुण्यांना चहा द्या, सगळे रीतीने करा. फक्त त्याचे कपडे धुवायची घाई करू नका.